थैलीची शिवण बदललेली दिसली, तर आधी कोणाचं दार?

मृगाचा पाऊस पडून दोन दिवस झाले होते. शेजारच्या गावचा एक शेतकरी मोटरसायकलवर डीएपी खताची बॅग आडवी टाकून माझ्याकडं आला. मी तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देतो, त्यामुळं अशी माणसं आधी माझ्याकडं येतात आणि मग वकिलाकडं. बॅगेच्या खालच्या तोंडाला मशीनचे बारीक टाके होते. वरचं तोंड मात्र दाभणानं शिवल्यासारखं, आणि दोराही वेगळा.

"भाऊ, हे पाहा बरं. कारखान्यात असं शिवतेत काय? ठाण्यात जाऊ का कृषीवाल्याकडं?"

सहा बॅगा घेतल्या होत्या. दोन पेरून झाल्या, एक ही उघडलेली, तीन गोठ्यात शिवलेल्या तशाच. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढं तोच कामी येतो.

काही देशांत विकायच्या मालात मुद्दाम ढवळाढवळ करणं हाच एक वेगळा गुन्हा आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या डोकेदुखीच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरून बाटल्या परत दुकानांत ठेवल्या आणि सात जण मेले. पुढच्याच वर्षी तिथं त्यासाठी केंद्राचा कायदा झाला. अशा भेसळीनं कोणी मेलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ब्रिटननं १९८६ च्या कायद्यात एक कलम घातलं : लोकांत घबराट पसरवायला किंवा धंदा बुडवायला माल दूषित केला, इतकंच काय तशी धमकी दिली, तरी दहा वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडं असा एक कायदा नाही. वस्तू बदलली की कायदा बदलतो, आणि कायदा बदलला की साहेब बदलतो. म्हणून "कुठं जाऊ?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. हातात काय आहे आणि तुम्हाला काय पाहिजे, पैसे की शिक्षा, या दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात.

ठाणं

बहुतेकांचे पाय आधी तिकडंच वळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम २७४ खाण्यापिण्याच्या भेसळीचं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात दंड हजार रुपये होता, तो पाच झाला, बस. त्यातही भेसळीनं तो पदार्थ अपायकारक झाला पाहिजे. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलात पाम तेल ओतलं तर तुमची लूट झाली, पण तेल अपायकारक झालंच असं नाही. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे. ठाणेदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून देतो, आणि ती घडी घालून खिशात ठेवण्यापलीकडं तिचा फारसा उपयोग मी पाहिलेला नाही.

पण त्याच संहितेत कलम ३१८(४) आहे, फसवणूक करून पैसे किंवा माल उकळण्याचं. सात वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. कलम ३५० सुद्धा आहे. वेष्टनावर खोटी खूण करून आत एक आणि वर भलतंच दाखवलं, तर तीन वर्षांपर्यंत. माणसाला इजा व्हावी म्हणून कोणी खाण्यापिण्यात विष मिसळून दिलं, तर कलम १२३, दहा वर्षांपर्यंत. तिथं इतर कुठल्या कचेरीची वाट पाहायची नाही, थेट ठाणंच गाठायचं.

म्हणजे ठाण्यात सगळा खेळ अर्जातल्या शब्दांचा आहे. "खत खराब निघालं" असं लिहिलं की उत्तर ठरलेलं : कृषी विभागात जा. त्याऐवजी डोळ्यांनी दिसलं ते लिहा. कारखान्याची शिवण उसवून पुन्हा शिवली आहे, दोरा वेगळा आहे, लॉट नंबर खोडलेला आहे, बाटलीचं सील तापवून चिकटवलं आहे. वस्तूचा दर्जा ठरवणं पोलिसांचं काम नाही, पण कोणाचा तरी हात लागला आहे हे पाहणं त्यांचंच काम आहे. तक्रार घेतलीच नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी कळवायचं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायचं.

एकच दुकान, तीन फळ्या

आता कृषी केंद्राकडं. एकाच दुकानात खत, बियाणं आणि औषध शेजारी शेजारी मांडलेलं असतं. कायद्याच्या लेखी मात्र या तीन फळ्या म्हणजे तीन वेगळी गावं.

खताला १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि त्याच्या मागं १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. त्याच्या कलम ७ मध्ये तीन महिने ते सात वर्षं कैद, आणि गुन्हा दखलपात्र. शिवाय कोर्टात तक्रार सरकारी माणसानंच केली पाहिजे असंही नाही. कलम ११ प्रमाणं नुकसान झालेला माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही करू शकते. तिन्हींत हीच बाजू भक्कम.

बियाण्याला १९६६ चा कायदा. पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. वाचताना चूक झाली असं वाटेल म्हणून पुन्हा लिहितो : पाचशे. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे बोगस पाकीट विकणाऱ्याचा दंड त्याच पाकिटाच्या किमतीत भागतो, वर चहापाण्याला उरतात. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड. म्हणून जाणता निरीक्षक १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आणि जीवनावश्यक वस्तू कायदा सोबत जोडतो. फक्त १९६६ चं नाव घालून प्रकरण पुढं जात असेल, तर अर्जदारानंच विचारावं की बाकीची कलमं काऊन नाहीत.

औषधाला, म्हणजे फवारणीच्या, १९६८ चा कीटकनाशक कायदा. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा ते पन्नास हजार दंड. विश्लेषकानं अहवाल तीस दिवसांत द्यायचा असतो. पण खटल्याला सरकारची लेखी संमती लागते आणि तिथं फाईल बसते. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडं बाटलीकडं कोणी हलक्या नजरेनं पाहत नाही. रिकाम्या बाटलीत भलतंच औषध भरून विकणं मला या सगळ्यांत वाईट वाटतं. पीक जाईल ते जाईल, पण कोणाला बाधा झाली तर दवाखान्यात डॉक्टर लेबल मागतात. एका जातीच्या विषाला जे औषध चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. लेबल खोटं असलं की उपचारही चुकतो.

तिन्ही फळ्यांचं एक मात्र समान आहे. नमुना निरीक्षकानं, ठरलेल्या पद्धतीनं, पंचांसमोर, न फुटलेल्या मालातून काढलेला पाहिजे. तुम्ही घरी डब्यात भरून नेलेला पसाभर खताचा नमुना खटल्यात उभा राहत नाही. डीएपीचे दाणे चुन्यासोबत तळहातावर चोळले की नाकाला झोंबणारा वास येतो. ही परीक्षा आमच्याकडं बरेच जण करतात आणि स्वतःची खात्री करायला ती ठीक आहे. कोर्टाला तुमचं नाक चालत नाही.

म्हणून त्या गोठ्यातल्या तीन बॅगा सोन्याच्या. ठाण्यात धावत जाऊन तिथं त्या फोडून दाखवल्या असत्या, तर खताचं प्रकरण तिथंच संपलं असतं.

ग्राहक आयोग

शिक्षा कोणाला होवो न होवो, गेलेला हंगाम भरून पाहिजे, असं म्हणणाऱ्यासाठी हे दार. वरच्या कायद्यांत दंड झाला तर तो सरकारजमा होतो, तुमच्या हाती दमडी येत नाही. जिल्हा आयोगात नुकसानभरपाई मागता येते. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही.

"शेतकरी ग्राहक नाही, तो धंद्यासाठी बियाणं घेतो" हा कंपन्यांचा जुना पाढा. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, आणि तपासणीसाठी त्यानं थोडं बियाणं बाजूला काढून ठेवलं नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही. घेतलेलं बियाणं माणूस पेरणारच, हे न्यायालयाला कळलं. त्यामुळं पेरणी होऊन गेलेल्यासाठी हे दार उघडं आहे. फक्त न उगवलेल्या वावराचा तालुक्याच्या तक्रार समितीकडून पंचनामा करून घ्यायचा, आणि दुबार पेरणीचं नांगर चालवायच्या आधी.

माल शिल्लक असेल तर आयोग तो सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, अहवाल पंचेचाळीस दिवसांत यायचा असतो. तपासणी लागली तर निकाल पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. मी तारखा मोजायचं सोडून दिलं आहे. २०१९ च्या या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ९० आणि ९१ ही फौजदारी कलमंही आहेत. भेसळीच्या किंवा नकली मालानं माणूस दगावला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. ती शिक्षा जिल्हा आयोग देत नाही, त्यासाठी फौजदारी कोर्टच लागतं. लोक इथं नेहमी गोंधळतात. घाई असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करावी. अधूनमधून नुसत्या नोंदीवरच दुकानदार माल बदलून देतो.

तेल, तिखट आणि ढेप

आठवडी बाजारातलं सुटं तिखट, सील काढून परत लावलेला तेलाचा डबा, दूध, खवा : हे सगळं अन्न व औषध प्रशासनाकडं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात माल नुसता हलका असेल तर पाच लाखांपर्यंत दंड, लेबल खोटं असेल तर तीन लाखांपर्यंत. म्हणजे फल्लीच्या तेलातलं पाम तेल इथं बरोबर पकडता येतं. असुरक्षित अन्नानं गंभीर इजा झाली तर सहा वर्षांपर्यंत कैद, मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाख दंड. कलम ४० प्रमाणं ग्राहक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. अहवालाची मुदत चौदा दिवस.

दोन्हीकडं तक्रार करावी का? सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये राम नाथ प्रकरणात सांगितलं, की जिथं अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९, म्हणजे असुरक्षित अन्नाचं, लागतं तिथं दंडविधानाची भेसळीची कलमं सोबत चालणार नाहीत. म्हणून तेल-तिखटासाठी ठाण्याचा फेरा वाचवा, कोणी आजारी पडलेलं नसेल तर.

ढेपेचं मात्र वेगळं. सरकीच्या ढेपेत माती नाहीतर युरिया निघाला, म्हैस फुगून मेली, आणि माणूस अन्न प्रशासनात गेला, असं मी दोनदा पाहिलं. जनावराचं खाद्य त्या कायद्याच्या व्याख्येतच नाही. ढेपेसाठी ग्राहक आयोग, आणि जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून ठाण्यात तक्रार.

माणसाच्या औषधगोळ्यांचा कायदा १९४० चा. बनावट औषधानं जीव गेला तर किमान दहा वर्षं. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या सिरपमुळं नागपूरच्या दवाखान्यांत दगावली, तेव्हापासून बाटलीवरचा बॅच नंबर वाचायची सवय काही घरांना लागली आहे. वजन कमी भरलं किंवा छापील किमतीवर दुसरी पट्टी चिकटवली, तर वैध मापन शास्त्र विभाग. पहिल्या वेळी तिथं दंडावरच भागतं, पण निरीक्षक आला की दुकानाचा काटाही तपासतो.

त्या शेतकऱ्याला मी सांगितलं ते असं. उघडलेली बॅग तशीच बांधून ठेव, पेरू नको. गोठ्यातल्या तीन बॅगांना हात लावू नको, शिवणीचे आणि लॉट नंबरचे फोटो काढ. आजच तालुका कृषी अधिकाऱ्याला अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे. नमुना निघाला, पंचनामा झाला, की त्याची नक्कल जोडून ठाण्यात ३१८ आणि ३५० चा अर्ज. ग्राहक आयोगाला दोन वर्षं आहेत, तुरीपर्यंत काय होते ते पाहू. आधी आयोग आणि मग बाकीचं, असं सांगणारेही आहेत. पण सरकारी पंचनाम्याशिवाय तिथं कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो, की शिवण तुम्हीच उसवली नाही कशावरून?

बिल मागितलं तर त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. कच्ची, शिक्का नाही, नुसता आकडा. दुकानदारानं बिल द्यायलाच पाहिजे, असं खत नियंत्रण आदेशातच आहे. पण ते आता सांगून काय उपयोग?

"पॉस मशीनवर अंगठा देल्ला होता ना?"

"देल्ला ना. पण थो बाबाचा हाय. मी तं फक्त पैसे देल्ले."

अनुदानाच्या खताची विक्री त्या मशीनमध्ये आधारसकट नोंदलेली असते, म्हणजे खरेदीचा पुरावा मिळाला. खरेदीदाराच्या संमतीनं माल वापरणाराही ग्राहकच असतो, त्यामुळं अर्ज मुलाच्या नावानंही चालला असता. पण कागदावर जे नाव आहे तेच अर्जात असलेलं बरं. मी लिहिलेला पहिला कागद फाडला, नवा घेतला आणि त्याला म्हटलं, बाबांना घेऊन ये, सही लागेल.