पासिंगला गाडी न्यायचीय? जवळचं सेंटर आणि लांबचं सेंटर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सरकारी फिटनेस तपासणी, जिथं होते त्या सेंटरांपैकी शहराला चिकटून असलेल्या सेंटरला मी पाचातले दोन तारे देते आणि तासाभराच्या अंतरावरच्या सेंटरला चार. नावं लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच दारात गाडी उभी करायची आहे. पण कुठलं सेंटर बरं हे तुमचं तुम्हाला ओळखता येईल इतपत सगळं लिहिते.

आमच्या घरात मालाच्या दोन गाड्या. माझी इको कार्गो, 2017ची, सीएनजी. तिच्यात रोजचे डबे, लग्नसराईत पुरणपोळ्या आणि भाद्रपदात मोदकांचे ट्रे. दुसरा धाकट्या दिरांचा छोटा हाथी, मंडपाचे बांबू आणि कनाती वाहणारा. बडोद्यात गणपतीचे दहा दिवस म्हणजे आमचा वर्षाचा धंदा. त्यात 2025ला चतुर्थी 27 ऑगस्टला आली आणि दोन्ही गाड्यांचं पासिंग नेमकं तिच्या तोंडावर. दांडिया बाजार, रावपुऱ्यात अशी मराठी घरं पुष्कळ आहेत, कुणाचं केटरिंग, कुणाची फुलं, कुणाचं लाइट-डेकोरेशन. त्यांच्यासाठीच हे.

नियम थोडक्यात. मालाची किंवा भाड्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, आठ झाली की दरवर्षी. माझ्या इकोला 2025ला आठ झाली, म्हणजे आता ही दरवर्षीची वारी. तारीख उलटली की दिवसाला 50 रुपये चढतात, आणि फिटनेस संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचं काय होतं हे ज्यांच्यावर आलंय त्यांना विचारा. घरच्या मोटारीला मात्र पहिली 15 वर्षं हे काही नाही. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवायचं, तेव्हा तिचीही तपासणी. त्या वाढवण्याचे पूर्वी 600 रुपये पडायचे, एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीला 10,000. ज्यांच्या दारात आजोबांची गाडी ताडपत्री पांघरून उभी आहे, त्यांनी जिव्हाळ्याची किंमत एकदा काढून बघावी.

पूर्वी पासिंग म्हणजे मैदानात गाड्यांची रांग आणि इन्स्पेक्टरची एक प्रदक्षिणा. ‘हॉर्न मारो, लाइट मारो, वायपर चलाओ’, झालं पासिंग. आत काय कुजलंय ते गाडीलाच माहीत. आता ऑक्टोबर 2024 पासून, जिथं ऑटोमॅटिक सेंटरं सुरू झाली आहेत तिथं गाडी त्यांच्याकडेच न्यावी लागते. अर्ज, फी आणि वेळ सगळं परिवहनच्या पोर्टलवर. विमा, पीयूसी आणि टॅक्स चालू हवा. सीएनजी असेल तर बाटल्याची (सिलिंडरची) हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, तीन वर्षांच्या आतली हवी. हे शेवटचं नीट बघा, कारण हायड्रोला बाटला काढून द्यावा लागतो आणि तेवढे दिवस पेट्रोलवर गाडी चालवताना डब्याचा हिशेब कोलमडतो.

सेंटर शोधायचं तर नकाशावर ‘फिटनेस’ टाकू नका, अर्धे एजंटच सापडतात. ‘आरटीओ फिटनेस सेंटर’ अशी पाटी लावून बसलेला माणूस फक्त तुमचा फॉर्म भरतो आणि त्याचे पाचशे घेतो. तो फॉर्म कॉलेजातल्या कुठल्याही पोराला दहा मिनिटांत भरता येतो. पोर्टलवर अर्ज करताना सेंटरांची यादी समोर येते, तीच खरी.

छोटा हाथी गेला जवळच्या सेंटरला. भाऊजी म्हणाले, वहिनी, आपण सातच्या आत पोचू, नऊपर्यंत मोकळे. पोचलो आम्ही सातच्या आतच. स्लॉट साडेआठचा, गाडी आत गेली दुपारी. स्लॉटचा आणि रांगेचा काही संबंध नाही हे फाटकावरच्या वॉचमननं पहिल्यांदा सांगितलं, आणि तेवढं खरं बोलणारा त्या आवारात तो एकटाच भेटला. सावली म्हणाल तर एक निंबाचं झाड, त्याखाली वीस ड्रायव्हर. बाईमाणसाला बसायला जागा नाही, संडासाला कुलूप, किल्ली ‘साहेबांकडे’, साहेब आलेले नाहीत.

आतलं काम मात्र बघण्यासारखं होतं, ते कबूल करते. गाडी सेंटरचा माणूस चालवतो, आपण काचेच्या अलीकडे. जमिनीत रुळांच्या जोड्या बसवलेल्या असतात, चाकं त्यांच्यावर ठेवली की रूळच चाकं फिरवतात आणि ब्रेक दाबल्यावर कुठल्या चाकानं किती जोर धरला ते मशीन मोजतं. पुढं एक लोखंडी पाटा, त्यावरून गाडी हळू नेली की चाकं सरळ चालतात का तिरपी ओढतात ते कळतं. मग खड्ड्यावर गाडी, खालून एक पोरगा बॅटरी घेऊन, वर दोन प्लेटा चाकांना इकडंतिकडं हिसके देतात, म्हणजे सांध्यात ढिलेपणा असेल तर दिसतो. डिझेल गाडी, म्हणून सायलेन्सरात नळी घालून अॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा खाली दाबला. काळा धूर निघाला की मंडपवाल्याचा जीव वरखाली.

संध्याकाळी मोबाइलवर मेसेज: फेल.

काउंटरला विचारलं, कशात? ‘ऑनलाइन आवशे,’ म्हणजे येईल. कधी? ‘आवशे ने, बेन.’ ब्रेकमध्ये, लाइटमध्ये, धुरात, काहीतरी सांगाल? त्यानं खांदे उडवले आणि पुढच्याला बोलावलं. बाहेर पडतो तोच पानाच्या गल्ल्याजवळचा, म्हणजे टपरीजवळचा, एक जण भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, दोन हजार द्या, उद्या पास. टायर गुळगुळीत असतील तर भाड्यानंही मिळतील. मी विचारलं, मशीनला पैसे कोण देणार, तुम्ही की मी? तर हसला. तो ज्या सहजतेनं हसला त्याचाच मी एक तारा कापला आहे. आत साहेबांना हे माहीत नसेल तर त्यांनी गल्ल्यापर्यंत एकदा चालत यावं.

रिपोर्ट दिसला दुसऱ्या दिवशी रात्री. मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक डाव्याच्या जेमतेम निम्मा. एवढं एक वाक्य आदल्या दिवशी तोंडानं सांगितलं असतं तर गाडी तिथूनच गॅरेजला गेली असती. मेकॅनिकनं माझ्यासमोर उजवा ड्रम उतरवला. आत व्हील सिलिंडरच्या रबरातून ब्रेक ऑइल पाझरत होतं, लायनर ओला, बोट लावलं की बुळबुळीत, वर लायनरच्या भुशाचा काळा चिखल. बाहेरून थेंब नाही. ड्रायव्हरला पायाखाली काही कळलं नव्हतं, कारण पुढचे ब्रेक आणि डावं चाक मिळून गाडी थांबवत होते. भरल्या बांबूंनिशी पावसात मांडवीच्या गर्दीत करकचून दाबायची वेळ आली असती तर गाडी एका अंगाला ओढली असती. म्हणजे मशीन बरोबर, माणसं चूक. इन्स्पेक्टरच्या प्रदक्षिणेत हे सात जन्मांत सापडलं नसतं. किट, लायनर आणि मजुरी मिळून पासिंगच्या फीच्या आसपासच खर्च आला. पुन्हा फी, पुन्हा रांग, पास.

या अनुभवानंतर इको मी सरळ लांबच्या सेंटरला नेली. दुसरा तालुका, शेवटचे तीन किलोमीटर रस्ता असा की मोदकाचे ट्रे ठेवले असते तर लाडू झाले असते. पण फाटकातच एका मुलीनं टॅबवर नंबर घेतला, कागद तिथंच तपासले आणि म्हणाली, मागची रेडियम पट्टी फाटलीय, आत जाण्याआधी लावून घ्या, पुढं पांढरी, मागं लाल, मंजुरीचा शिक्का असलेली. पट्टी शेजारच्या दुकानात मिळाली आणि छापील किमतीला मिळाली. इकडं हीच पट्टी हायवेवरचा माणूस दुपटीनं विकतो. स्लॉट अकराचा होता, गाडी अकराला आत.

माझी गाडीही फेल झाली. तरी चार तारे देतेय, ते का ते ऐका.

गाडी बाहेर आल्यावर तिथल्या एका पोरसवदा माणसानं मला बोलावून कागद हातात दिला. छापील, ओळीनं सगळं: चारही चाकांचे ब्रेक, हँडब्रेक, चाकांचा तिरपेपणा, आवाज, धूर सीएनजीवर वेगळा आणि पेट्रोलवर वेगळा, स्पीडोमीटर, स्पीड गव्हर्नर (मालाची गाडी, ताशी 80 किलोमीटरला बांधलेली). सगळ्यात पास, हेडलाइटमध्ये फेल. हेडलाइट तपासायला एक कॅमेऱ्याची पेटी रुळावरून सरकत गाडीच्या समोर येते, आधी एका दिव्यापुढं, मग दुसऱ्या. झोत किती उंच पडतो आणि त्यात उजेड किती, दोन्ही बघते. माझा झोत जागेवर होता, उजेड कमी. तो म्हणाला, ‘मासी, गाडी पुरात होती का?’

होती. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीनं 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा इको कारेलीबागेत उभी होती आणि पाणी दिव्यांच्या वर चढलं होतं. (मगर आमच्या गल्लीत आली नाही, पलीकडच्या सोसायटीत आली. दरवेळी पलीकडच्याच सोसायटीत येते.) इंजिन उघडून साफ केलं, सीटा वाळवल्या, वायरिंग बदललं, विम्याशी भांडले, सगळं झालं. हेडलाइट मात्र बाहेरून लख्ख दिसत होते. त्यानं बोनेट उघडून बल्ब काढला आणि भोकातून मोबाइलचा टॉर्च आत मारून दाखवला. आतला चंदेरी वाटीसारखा रिफ्लेक्टर धुरकट झालेला, खालच्या अर्ध्यात गाळाची बारीक तपकिरी रेघ. पाणी कुठवर साचलं होतं ते तिथं लिहूनच ठेवलेलं. आमचा ड्रायव्हर वर्षभर सांगत होता की रात्री हायवेला दिसत नाही, त्यासाठी जास्त वॅटचे बल्बही घालून पाहिले, पण आरसाच गेलेला असल्यावर दिवा काय करणार. ‘पॉलिश करू नका, पूर्ण सेट बदला, दोन्ही बाजूंचा,’ एवढं सांगून तो पुढच्या गाडीकडं गेला. पैशाचं नाव नाही, अमक्याच दुकानातून घ्या असं नाही. बडोद्यात त्या पुरात बुडालेल्या गाड्या हजारांनी असतील, त्यांनी पासिंगची वाट न बघता बल्ब काढून आत टॉर्च मारून बघावा.

सेट बदलून परत गेले तेव्हा तो मुलगा दुसऱ्या पाळीला होता, तरी रजिस्टरमध्ये ‘हेडलाइट, पूर’ अशी नोंद त्यानं करून ठेवलेली. चहा होईपर्यंत काम झालं. फिटनेसचं सर्टिफिकेट पोर्टलवरून उतरवलं, एक प्रत डॅशबोर्डच्या खणात, एक ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये.

सेंटर निवडताना मी आता दोनच गोष्टी विचारते, तेही फोनवर, जाण्याआधी. फेल झालो तर त्याच दिवशी छापील रिपोर्ट देता का? आणि स्लॉटच्या वेळेला गाडी आत घेता का? पहिल्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर तिथं जाऊ नका, जवळ असलं तरी. गॅस थोडा जास्त जाईल, पण गाडी रिकामी उभी राहिली की गणपतीच्या आठवड्यात त्याच्या कितीतरी पट नुकसान होतं. ऑर्डर गेली की गिऱ्हाईकही जातं, ते पुढच्या वर्षी परत येत नाही.

भाऊजींचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, वहिनी, लांब जायचं तर ड्रायव्हरचा अख्खा दिवस मोडतो, माझ्याकडं दोन सुट्टे ड्रायव्हर नाहीत. तेही बरोबर. ज्याची गाडी नवी आहे, पुरात बुडालेली नाही आणि ज्याच्या मेकॅनिकनं आधीच ड्रम उघडून बघितले आहेत, त्यानं जवळच्यालाच जावं, पास होऊन बाहेर पडेल. फक्त टोपी, पाणी आणि डबा घेऊन जा आणि गल्ल्यावरच्या त्या माणसाकडं बघूही नका.

लांबच्या सेंटरचा पाचवा तारा कशात कापला म्हणाल, तर त्यांचं यूपीआय चालत नव्हतं. सरकारी फी ऑनलाइन आधीच भरलेली होती, पण पार्किंगचे आणि झेरॉक्सचे सुटे मागत होते. आणि स्त्रियांचा संडास आहे, स्वच्छही आहे, पण पाटी फक्त पुरुषांच्या दारावर लावलेली. इमारतीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या डावीकडं दुसरं दार आहे, तेच ते.