ऑनलाइन गॅलरी की स्वतःची यादी?

इन्स्टाग्रामवर चित्रं टाकता, फोटो नीट काढता येतात, लोक मनापासून दाद देतात. आता विक्री कुठून करायची? ऑनलाइन आर्ट गॅलरीवर चित्रं ठेवायची, की ओळखीच्या रसिकांची व्हॉट्सअ‍ॅप यादी करून थेट विकायची? गेल्या महिन्यात दोन तरुण चित्रकारांनी मला हेच विचारलं. मी कोल्हापुरात राहतो, जलरंगात निसर्गचित्रं करतो, बहुतेक क्वार्टर आणि हाफ इम्पीरियल आकारात, म्हणजे साधारण ११ × १५ आणि १५ × २२ इंचांच्या कागदावर. दोन्ही मार्ग काही वर्षं बरोबरीने चालवले. मोठे कॅनव्हास करणाऱ्यांचं गणित कदाचित वेगळं निघेल.

आधी गॅलरीबद्दल, कारण तिची बाजू खरंच भक्कम आहे. मला ओळखणारं एकही माणूस नसलेल्या शहरांत माझी चित्रं गेली ती गॅलरीमुळे. पैसे मागायचा संकोच नाही, घासाघीस नाही, कुरिअरवाला दारात येऊन पार्सल उचलतो, वाटेत काही झालं तर निस्तरणारं कुणीतरी असतं. कमिशन मोठं असतं, पण त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. भिंतीवरच्या गॅलऱ्याही कमिशन घेतातच.

यादीचं काम सावकाश चालतं. माझी यादी सुरू झाली ती शाहू स्मारकातल्या प्रदर्शनाच्या अभिप्राय वहीतून. लोक वहीत नंबर लिहून जातात आणि आपण ती वही कपाटात ठेवून देतो. मी एकेकाला फोन केला, चित्रं पाठवली तर चालेल का विचारलं आणि ब्रॉडकास्ट लिस्ट केली. ग्रुप मात्र करू नका. तिथे दोन दिवसांत सुप्रभात सुरू होतं आणि चित्र त्याखाली गाडलं जातं. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याला त्याला वेगळा जातो, उत्तरही खासगीत येतं. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून प्रदर्शनात माणूस समोर असतानाच त्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह करून घ्यावा. महिन्याला एक किंवा दोन चित्रं, आकार, किंमत, बस. रोज पाठवलं तर लोक म्यूट करतात.

यादीतही त्रास आहेत. ‘जरा बघा ना कमी-जास्त’ हे ऐकावं लागतं. पॅकिंग स्वतः करायचं: बटर पेपर, दोन बाजूंना फोमबोर्ड, वरून प्लास्टिक, कारण आमच्याकडच्या पावसात कागद ओल धरतोच. पोस्टात रांगही आपणच लावायची. नुसत्या सोयीने ठरवायचं असतं तर मी गॅलरीच निवडली असती.

माझा निर्णय ठरला तो एका गुलाबी रंगावरून.

सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळच्या आभाळासाठी मी अलिझरीन क्रिमसन हा गडद लाल रंग भरपूर वापरायचो, पातळ केला की तो गुलाबी दिसतो. पंचगंगेच्या घाटावरच्या दीपमाळा आणि त्यामागे उतरणारा तो गुलाबी, अशी कितीतरी चित्रं केली. हा रंग उजेडात टिकत नाही हे वाचलं होतं, पण पटलं नव्हतं. मग एका दिवाळीत कागदावर रंगांचे पट्टे ओढले, अर्धा भाग काळ्या कार्डाने झाकला आणि दक्षिणेच्या खिडकीला चिकटवला. गुढीपाडव्याला कार्ड काढलं. झाकलेला अर्धा तसाच टवटवीत होता, उघड्या अर्ध्यात मळकट गुलाबी छटा तेवढी उरली होती. तेव्हापासून मी तिथे क्विनॅक्रिडोन हा उजेडात टिकणारा रंग वापरतो. पण विकून गेलेल्या चित्रांचं काय?

यादीतल्या लोकांना त्याच संध्याकाळी कळवलं: चित्राच्या भिंतीवर ऊन येत असेल तर कृपया जागा बदला. सांगलीच्या एका काकूंनी तासाभरात फोटो पाठवला. घराच्या बाल्कनीतल्या खिडकीसमोरून काढून चित्र आतल्या खोलीत, शिवणयंत्राच्या वर लावलं होतं. दोघांची चित्रं मी परत मागवून आभाळ नव्याने केलं.

ऑनलाइन गॅलरीतून गेलेली पाच चित्रं कुठे आहेत ते मला माहीत नाही. विक्रीची मेल यायची त्यात ऑर्डर नंबर असायचा, पार्सलवर त्यांच्याच गोदामाचा पत्ता. खरेदीदाराचं नाव देता येत नाही असं उत्तर आलं. निरोप तरी पोचवा म्हणून पत्र लिहून दिलं, ते पोचलं की नाही हे आजवर कळलेलं नाही. नियम त्यांच्या जागी बरोबर असेल, खरेदीदाराची खासगी माहिती जपायलाच हवी. सगळ्याच गॅलऱ्या असं करतात असंही माझं म्हणणं नाही. पण माझी पाच आभाळं कुणाच्या तरी घरात हळूहळू फिकी होत असतील आणि मला ते सांगता येत नाही, हे मनातून जात नाही.

चित्र कुणाकडे आहे हे माहीत असण्याचे व्यवहारी फायदेही आहेत. पुढच्या प्रदर्शनासाठी चार दिवस मागून आणता येतं. शिवाय १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५३अ बघा: मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला त्या किमतीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण मालकच माहीत नसेल तर मागणार कुणाकडे?

अजून एकही प्रदर्शन झालेलं नसेल, ओळखीचं वर्तुळ लहान असेल, तर वर्षभर गॅलरीवर चित्रं ठेवायला हरकत नाही. अनोळखी माणूस आपल्या चित्राला पैसे मोजतो हा अनुभव धीर देतो. त्यांना आधी एवढंच विचारा: खरेदीदाराला माझा निरोप पोचवाल का, आणि पोचला हे कळवाल का? मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःची वहीही सुरू करा: नाव, गाव, नंबर, चित्र, तारीख, वापरलेले रंग. माझ्या वहीत आज दोनशेच्या आसपास नावं आहेत, आणि हल्ली माझी बहुतेक चित्रं तिथूनच जातात.

गॅलरीवर अजूनही वर्षाला दोन-तीन चित्रं ठेवतो. फक्त पाठवण्याआधी चित्राच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने माझं नाव आणि नंबर लिहितो, त्याखाली रंगांची नावं, आणि ‘उन्हात लावू नये’.