पर्यवेक्षकांचा प्रशिक्षणवर्ग: वर्षभरानंतरचा अभिप्राय

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी काम करते, तेथे मोटारगाड्यांचे वायर हार्नेस, म्हणजे गाडीतील विजेच्या तारांचे जोडून बांधलेले जुडगे, तयार होतात. नऊ वर्षे क्रिम्पिंग मशीनवर, म्हणजे वायरच्या टोकावर धातूचे टर्मिनल दाबून बसवणाऱ्या यंत्रावर, काम केल्यानंतर गेल्या वर्षी माझ्याकडे एका लाइनची जबाबदारी आली आणि त्याच महिन्यात कंपनीने मला पुण्यातील एका संस्थेच्या पर्यवेक्षकांसाठीच्या प्रशिक्षणवर्गाला पाठवले. वर्ग संपताच कोणी विचारले असते, तर मी सगळ्याचेच कौतुक केले असते; परंतु असे शिक्षण किती मुरले हे लाइनवर उभे राहिल्यावरच कळते, म्हणून वर्षभर थांबून हा अभिप्राय लिहीत आहे.

या वर्गाचा आधार असलेली पद्धत टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे उद्योगांतर्गत प्रशिक्षण) या नावाने ओळखली जाते. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखाने नवख्या हातांनी भरले, त्या काळात, म्हणजे १९४० ते १९४५ या वर्षांत, ती अमेरिकेत आकाराला आली आणि १६ लाखांहून अधिक लोकांना तिचे प्रशिक्षण मिळाले. तिचा मूळ चार पायऱ्यांचा साचा चार्ल्स ॲलन यांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांना शिकवताना वापरलेल्या पद्धतीतून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जपानमध्ये गेली आणि तेथे चांगलीच रुजली. काम शिकवणे, माणसांशी असलेले संबंध सांभाळणे आणि कामाची रीत सुधारणे असे तिचे तीन भाग आहेत. प्रत्येक भाग दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत विभागलेला असतो. तुकडी दहाएक जणांची असते आणि प्रत्येकाने स्वतःच्या कारखान्यातील खरे काम आणून सर्वांसमोर शिकवून दाखवायचे असते. संस्थेने ही शिस्त कोठेही सैल होऊ दिली नाही. पडद्यावर चित्रे दाखवून दिवस उरकणारे वर्ग मी यापूर्वी पाहिले आहेत, त्यामुळे या गोष्टीची किंमत मला जास्त वाटते.

पहिल्याच बैठकीत प्रशिक्षकांनी वायरचा एक तुकडा प्रत्येकाच्या हाती दिला. दिव्याच्या होल्डरमध्ये वायर ओढली जाऊ नये म्हणून आत जी गाठ मारतात, ती कशी मारायची हे त्यांनी आधी केवळ शब्दांत सांगितले. कोणालाच ती जमली नाही. मग एक शब्दही न बोलता त्यांनी ती समोरून मारून दाखवली, आणि तरीही जमली नाही, कारण समोर बसलेल्याला डावे-उजवे उलटे दिसते. तिसऱ्या वेळी ते शेजारी येऊन बसले, एकेक टप्पा दाखवत आणि त्याचे कारण सांगत गेले, आणि काही मिनिटांत गाठ बसली. नऊ वर्षे वायरमध्येच हात असलेल्या मला त्या अर्ध्या तासात आमच्याकडे नव्याने येणाऱ्या मुलींचा पहिला दिवस कसा जात असेल हे प्रथमच जाणवले.

वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कामाची फोड करण्याचा तक्ता. त्यात टप्पा, त्या टप्प्यातील मर्म आणि त्या मर्मामागचे कारण अशा तीन रकान्यांत काम लिहून काढावे लागते. मी टर्मिनल क्रिम्पिंगचे काम निवडले. ते मला डोळे मिटून येते अशी माझी समजूत होती, पण तक्ता भरायला तीन संध्याकाळी लागल्या. टर्मिनलची पुढची पकड तांब्याच्या तारांवर आणि मागची पकड प्लास्टिकच्या आवरणावर बसली पाहिजे आणि दोहोंमधल्या मोकळ्या जागेत तारा व आवरण दोन्ही दिसले पाहिजे, हे एक मर्म. आवरण पुढच्या पकडीत गेले तर विजेचा जोड कच्चा राहतो, हे त्याचे कारण. एखादी तार पकडीबाहेर राहिली तर ती शेजारच्या टर्मिनलला टेकून शॉर्ट होऊ शकते, हे दुसरे. यांतील एकही गोष्ट मी आजवर कोणाला शब्दांत सांगितली नव्हती. मी फक्त ‘नीट बसव’ एवढेच म्हणत आले होते. वर्गात प्रत्येक भागाच्या पायऱ्या छापलेले खिशात मावणारे कार्ड मिळते. या भागाच्या कार्डावर एक वाक्य छापलेले आहे, ‘कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही’, आणि ते मी माझ्यापुरते पूर्णपणे मान्य केले आहे.

माणसांच्या संबंधांवरचा दुसरा भागही चांगला आहे, मात्र तो अंगी बाणवायला वेळ लागतो. माहिती मिळवा, विचार करून ठरवा, कृती करा, परिणाम तपासा, अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. दिवाळीनंतर माझ्या लाइनवरील एक ताई रोज वीस मिनिटे उशिरा येऊ लागल्या. पूर्वीची मी असते तर नोटीस काढण्याची विनंती केली असती. या वेळी आधी विचारले. मुलाच्या शाळेची वेळ बदलली होती. पहिल्या तासापुरते त्यांचे मशीन मी दुसऱ्या मुलीकडे दिले आणि प्रश्न सुटला असे समजले. आठवड्याने ती मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली, कारण तिची जागा रोज बदलणार हे मी तिला आधी सांगितलेच नव्हते. ज्याच्यावर बदलाचा परिणाम होणार त्याला आधी सांगा, हे या भागाच्या कार्डावर लिहिलेले होते आणि कार्ड माझ्या खिशात होते. मी तिची माफी मागितली व दोघींना समोर बसवून वेळापत्रक नव्याने ठरवले. वर्षभरात मी सर्वाधिक शिकले ते या प्रसंगातून.

तिसऱ्या भागाबद्दल मात्र समाधान नाही. कामाची रीत सुधारण्याची उदाहरणे साध्या जुळणीच्या कामांची होती. वाहन उद्योगात प्रक्रियेतील बदलाला ग्राहक कंपनीची मान्यता घ्यावी लागते, आणि ती कशी मिळवावी याचा वर्गात उल्लेखही झाला नाही. शिकवणे उत्तम मराठीत झाले, तरी कार्ड आणि तक्ते इंग्रजीत होते, हा माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे. माझ्या लाइनवर लातूर-बीडच्या मुलींबरोबर बिहार व ओडिशातून आलेले कामगारही आहेत. मी स्वतः मराठी आणि हिंदीत कार्ड तयार केले. ‘मर्म’ हा शब्द सापडायलाच दोन दिवस गेले, पण आज लाइनवर सगळे तोच शब्द वापरतात.

दर तीन महिन्यांनी प्रशिक्षकांनी लाइनवर येऊन पाहणी करायची, असे ठरले होते. तिसरी भेट कोणतीही पूर्वसूचना न देता रद्द झाली आणि त्या काळात आमचे तक्ते भरणे ढिले पडले. त्यांच्या उरलेल्या भेटी मात्र अतिशय उपयुक्त ठरल्या. मी नव्या मुलीला शिकवत असताना ते मागे उभे राहून ऐकत आणि ती काम स्वतःच्या तोंडाने समजावून सांगते की नाही एवढेच पाहत.

मशीनवरून नुकतेच पर्यवेक्षक झालेल्यांना हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन. आमच्या व्यवस्थापनाकडे पुढील तुकडीसाठी माझ्या लाइनवरील दोघींची नावे मी दिली आहेत. कार्ड मराठीत छापून मिळेल आणि ठरलेल्या चारही भेटी होतील, हे संस्थेकडून लेखी घ्यावे, असेही त्याच अर्जात लिहिले आहे.