शब्दामागे पैसे की विक्रीत वाटा? खेळांसाठी लिहिणाऱ्यांचे दोन करार

खेळांच्या कंपनीसाठी फ्रीलान्स लिहिणाऱ्यापुढे बहुतेक वेळा दोन प्रकारचे करार येतात. एकात शब्दामागे ठरलेला दर असतो, दुसऱ्यात विक्रीतला वाटा. वाट्याचा करार ऐकायला उदार वाटतो, म्हणून आधी आकडे मांडू.

अमेरिकी टेबलटॉप खेळांत (टेबलाभोवती बसून, पुस्तकांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या) शब्दाला 5 ते 10 सेंट हा सर्रास दिसणारा दर आहे. 8 सेंटने 10,000 शब्दांचे 800 डॉलर होतात. तेवढ्याच शब्दांचं साहस (खेळाडूंनी खेळायची तयार कथा) डीएम्स गिल्ड या डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळाचा मजकूर विकणाऱ्या संकेतस्थळावर 10 डॉलरला विकलं, तर निम्मे पैसे संकेतस्थळ आणि खेळाची मालक कंपनी ठेवते. उरलेल्या 5 डॉलरांत चित्रकार, संपादक आणि मांडणी करणारा असतो. लेखकाला त्यातले 20 टक्के धरले तर प्रतीमागे 1 डॉलर पडतो. म्हणजे 800 प्रती पूर्ण किमतीला खपल्या, तर कुठे बरोबरी होते. शिवाय तिथे टाकलेला मजकूर दुसरीकडे विकता येत नाही.

शब्ददरातले खड्डे वेगळे आहेत. पहिला प्रश्न, पैसे कोणत्या शब्दांचे? मागवलेल्या की छापलेल्या? संपादकाने 10,000 चे 7,000 केले आणि करारात ‘छापलेले’ असेल, तर 240 डॉलर गेले. ‘मागवलेल्या शब्दसंख्येवर, मजकूर स्वीकारल्यापासून 30 दिवसांत’ असंच लिहून घ्यावं. ‘प्रकाशनानंतर’ हा शब्द आला की पुस्तक रखडेल तितके पैसेही रखडतात. फेरलेखनाच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून तासावर. काम मध्येच रद्द झालं तर किती टक्के मिळणार, हेही आधीच ठरवावं.

व्हिडिओ गेममध्ये शब्द मोजणं तर अन्यायच ठरतं. पहारेकऱ्याच्या तोंडची पाच-पाच शब्दांची 200 वाक्यं म्हणजे फक्त 1,000 शब्द. पण प्रत्येक वाक्य वेगळ्या प्रसंगाचं, पुन्हापुन्हा ऐकलं तरी कानाला न खुपणारं हवं. त्यात दिवसच्या दिवस जातात. तिथे ओळीमागे किंवा दिवसाचा दर मागावा.

वाटा घ्यायचाच असेल तर तो ढोबळ विक्रीवर घ्यावा. ‘निव्वळ नफा’ म्हटलं की स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचे 30 टक्के, जाहिरात, भाषांतर, सगळं आधी वजा होतं आणि खर्चाची वही समोरच्याच्या हातात असते. दर तिमाहीला विक्रीचा तक्ता मिळेल, हे कलम नसेल तर वाटा नाकारावा. आणखी एक धोका लेखकाच्या हाताबाहेरचा असतो. जानेवारी 2023 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खुल्या परवान्याचा (ज्याखाली इतरांना त्या खेळाचे नियम वापरून स्वतःचा मजकूर विकता येतो) नवा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर 25 टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क त्यात होतं. खेळाडू आणि लेखक खवळले, तेव्हा तो मागे घेतला गेला. वाट्यावर जगणारा अशा निर्णयांच्या दयेवर असतो.

हक्कांचं काय? अमेरिकी करारातलं ‘वर्क मेड फॉर हायर’ म्हणजे कायद्याने कंपनीच लेखक. नुसतं हस्तांतर असेल तर सामान्यतः 35 वर्षांनी हक्क परत मागता येतात, इथे तेही नाही. भारतीय कायद्यात (1957, कलम 19) हस्तांतर लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांचं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. म्हणून शब्ददर कमी असेल तर निदान हक्कांच्या प्रदेशाची आणि मुदतीची रेघ आखून द्यावी. श्रेयनामावलीत नाव, हे कलम दोन्ही करारांत हवंच.

एकेकट्याने घासाघीस करून दर वाढत नाहीत, हे स्पष्ट बोलायला हवं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पायझो या अमेरिकी टेबलटॉप खेळांच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी संघटना उभी केली, तेव्हा फ्रीलान्स लेखकांनी लिहिणं थांबवून त्यांना बळ दिलं आणि कंपनीने संघटनेला मान्यता दिली. 2025 च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या युनायटेड व्हिडिओगेम वर्कर्स या कामगार संघटनेत फ्रीलान्सरही सभासद होऊ शकतात. शब्ददरवाल्यांना असं काम थांबवता येतं. वाटेकऱ्याने लेखणी खाली ठेवली तर त्याचीच विक्री लांबते.

आमचा कौल शब्ददराला. वाटा फक्त तिथे, जिथे चौघांपेक्षा कमी माणसं आहेत, हक्क सर्वांच्या नावावर आहेत आणि किमान अर्धं मानधन आगाऊ हातात पडतं. खरेदीदार भारतातला असेल तर काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवावी: मग लेखी करारातही पैशांची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं.