सलाईनआधी पाय उचलून बघण्याचे आठ महिने

मी भूलतज्ज्ञ. कोथरूडच्या एका मध्यम रुग्णालयात ओटी आणि आयसीयू दोन्ही बघते. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे फिरतं इको मशीन (हृदयाची सोनोग्राफी करणारं) आलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण फरक पडला तो मशीनसोबत लागलेल्या सवयीमुळे.

आधी सलाईन द्यायचं की नाही, हे सगळं सीव्हीपीवर, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबावर चालायचं. ४ म्हणजे पेशंट कोरडा, १२ म्हणजे भरलेला. सेप्सिसच्या, म्हणजे जीवघेण्या जंतुसंसर्गाच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही २०१२ च्या आवृत्तीपर्यंत ८ ते १२ हेच लक्ष्य होतं. सलाईनने हृदयाचा आउटपुट, म्हणजे मिनिटाला बाहेर पडणारं रक्त, वाढेल की नाही, हे या आकड्यावरून कळत नाही, हे वाचून माहीत होतं; सवय सुटत नव्हती. त्यात टेबल खालीवर केलं आणि दाब मोजणारा ट्रान्सड्युसर तिथंच राहिला, तर १० सेंटीमीटरला पाऱ्याच्या ७ मिमीचा फरक. किती जणांना आपण टेबलाची उंची मोजून सलाईन दिलंय, देव जाणे.

आता आधी डोकं ४५ अंश वर ठेवून इकोवर एलव्हीओटीचा व्हीटीआय घ्यायचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातून बाहेर पडायच्या वाटेवर रक्त एका ठोक्याला किती सेंटीमीटर जातं ते. मग बेडच कलता करून धड आडवं आणि पाय ४५ अंश वर. साधारण ३०० मिली रक्त छातीकडे येतं, पाय खाली केले की परत जातं. मिनिटभरात व्हीटीआय १० टक्क्यांहून जास्त वाढला, तर सलाईनचा उपयोग. नुसतं बीपी बघू नका. पहिल्या महिन्यात आमचे वॉर्डबॉय मामा हातानेच पाय उचलायचे. पेशंटला दुखायचं, पल्स चढायची, बीपीही चढायचं आणि आम्ही खूश!

एका रात्री आतड्याच्या पर्फोरेशनचा पेशंट. बीपी ८४, सीव्हीपी ४, रेसिडेंटचा हात सलाईनच्या क्लॅम्पवर. पाय वर केले: व्हीटीआय १७ चा साडेसतरा. सलाईन थांबवलं, रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड वाढवलं. पुढच्याच आठवड्यात सीव्हीपी १३ असलेल्या आजींचा व्हीटीआय १३ वरून १६ वर गेला. दोघांनाही जुन्या हिशेबाने उलटंच दिलं असतं.

ओटीत मात्र ड्रेप्सखाली (निर्जंतुक चादरींखाली) पाय कोण उचलणार? तिथं आर्टलाइनवरचा (धमनीतल्या नळीवरचा) पीपीव्ही, म्हणजे व्हेंटिलेटरच्या श्वासागणिक नाडीचा दाब किती टक्के खालीवर होतो ते. १३ च्या वर सलाईनचा उपयोग स्पष्ट, ९ ते १३ मध्ये अंदाजच. पण ६ मिली प्रतिकिलो टायडल व्हॉल्यूमवर (व्हेंटिलेटरच्या एका श्वासातली हवा) तो कमीच दिसतो आणि खोटा धीर देतो. मिनिटभर ८ वर नेऊन बघते. पीपीव्ही साडेतीनने वाढला तर सलाईन देते. एएफ (हृदयाचे अनियमित ठोके) असेल किंवा पेशंट स्वतः श्वास घेत असेल, तर त्याच्याकडे बघतही नाही. आयव्हीसीवर (पोटातल्या मोठ्या शिरेची रुंदी इकोवर बघणं) माझा फारसा जीव नाही.

तक्रारी आहेत. पोट ताठ झालेल्या डेंगीच्या पेशंटमध्ये पाय उचलून भरवसा वाटत नाही. जाड पेशंटमध्ये हृदय दिसेल अशी इकोची खिडकीच मिळत नाही. पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) नोंदणीमुळे मशीन आवाराबाहेर नेता येत नाही; शेजारच्या नर्सिंग होममधून फोन आला की मी रिकाम्या हातानेच जाते.

सीव्हीपीचा रकाना चार्टवर अजून आहे. ८ चा अचानक १६ झाला, तर मीही धावते, पण सलाईन लावायला नाही.