आठवीच्या वहीतून ओईआयएसपर्यंत

मी निवृत्त गणित शिक्षिका, नाशिकरोडला राहते. शेजारची आठवीतली मुलगी संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसते. परवा तिने वहीत लिहून आणलं: ३०, ४२, ६६, ७०, ७८, १०५. "बाई, यांचे मूळ अवयव तीनच आणि तिन्ही वेगळे. अशा संख्यांना काही नाव आहे का?" मला ठाऊक नव्हतं.

ओईआयएस उघडलं. हा पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन कोश. पहिल्या पाच संख्या टाकल्या आणि ए००७३०४ क्रमांकाची क्रमिका समोर आली: स्फेनिक संख्या. ग्रीकमध्ये स्फेन म्हणजे पाचर. पण तिथे ७८ नंतर १०२ होती! तिने लगेच २ × ३ × १७ करून पाहिलं आणि वहीत ती संख्या मधे घुसवली. सतराचा पाढा राहिलाच होता.

नील स्लोन यांनी १९६४ मध्ये अशा क्रमिका कार्डांवर टिपायला सुरुवात केली. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात २३७२ क्रमिका होत्या, आज कोशात साडेतीन लाखांहून जास्त आहेत. शोधायला पैसे लागत नाहीत, खातंही लागत नाही. संख्यांमध्ये स्वल्पविराम दिला तर त्या त्याच क्रमाने लागोपाठ असलेल्याच क्रमिका मिळतात. नुसती जागा सोडली तर कुठल्याही क्रमाने चालतं. यादीत एखादी संख्या सुटल्याची शंका असेल तर जागा सोडूनच शोधा.

मग आम्ही स्मिथ संख्यांकडे वळलो: अशा संयुक्त संख्या, ज्यांच्या अंकांची बेरीज त्यांच्या मूळ अवयवांच्या अंकांच्या बेरजेइतकीच असते. हे नाव गणितज्ञ अल्बर्ट विलान्स्की यांच्या मेहुण्यावरून, स्मिथवरून; त्याचा फोन नंबर ४९३७७७५. त्या नंबरचे अवयव ३ × ५ × ५ × ६५८३७. दोन्हीकडच्या अंकांची बेरीज ४२! मुलीने तीनदा मोजली.

आणि स्वयंभू संख्यांच्या (कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न येणाऱ्या संख्यांच्या) पानावर, ए००३०५२ वर, संदर्भांत गणिती द. रा. कापरेकरांच्या पुस्तिका दिसल्या, पत्त्यासकट: देवळाली कॅम्प. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल असं ठिकाण. एका शाळामास्तरांनी स्वतःच छापलेल्या त्या पुस्तिका इथे जगातल्या बड्या गणितज्ञांच्या लेखांशेजारी आहेत. मला भरून आलं.

मजकूर इंग्रजीत आणि दाटीवाटीचा आहे, फोनवर डोळे शिणतात. लहान मुलांना एकटं सोडू नका, शेजारी बसा. पाचपैकी पाच तारे.

आता ती ७१४ आणि ७१५ चे अवयव पाडते आहे. दोघांच्याही मूळ अवयवांची बेरीज २९ येते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.