जुन्या घराचं 'हेरिटेज हॉटेल' करून देणाऱ्यांपासून सावध राहा, माझे १६ लाख ५ हजार गेले

हे लिहायला सहा महिने लागले. लाज वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि स्वतःच्या घरात असा फसलो. पण गेल्या आठवड्यात कळलं की कुडाळकडच्या एका कुटुंबाला हुबेहूब हीच योजना सांगितली जातेय, म्हणून आता गप्प बसणार नाही.

मालवण तालुक्यात आमचं १९३८ सालचं घर आहे. जांभ्या चिऱ्याचं जोतं, वर मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, माजघर, मागे पडवी. आम्ही चाकरमानी, गणपतीला आणि मे महिन्यात जाणार. बाकी वर्षभर कुलूप. दरवर्षी कौलं परतायची, वाळवी मारायची, खर्च थांबत नाही. २०२४ च्या गणपतीत घर भरलेलं असताना हा माणूस आला. पन्नाशीचा, गोड बोलणारा, हातात टॅब. म्हणाला, घर विकू नका, हॉटेल करा. १९५० पूर्वीची वास्तू केंद्र सरकारच्या हेरिटेज हॉटेल वर्गात बसू शकते. राजस्थानातला नीमराणाचा किल्ला असाच पडीक होता, सावंतवाडीला राजवाड्याच्या आवारात हॉटेल चालतंय, मग तुमचं का नाही? यातलं काहीही खोटं नव्हतं, म्हणूनच विश्वास बसला.

मला मूर्ख म्हणण्याआधी एक लक्षात घ्या. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तारकर्लीला सुट्टीत खोली मिळत नाही. आमच्याच वाडीत दोन घरांनी निवास-न्याहारी सुरू करून कर्ज फेडलंय. मी हावरटपणानं गेलो नाही. घर उभं राहावं एवढीच इच्छा होती.

योजना अशी. रूपांतराचा खर्च आपण करायचा, काम त्यांचाच ठेकेदार करणार, नंतर ते दहा वर्षं हॉटेल चालवणार आणि आपल्याला महिना २८,००० रुपये हमी भाडं. प्रकल्प अहवालाचे ७५,००० सप्टेंबरात दिले. नोव्हेंबरात कराराच्या दिवशी ६,००,०००. डिसेंबरपासून २८,००० खात्यात यायला लागले, काम सुरूसुद्धा नव्हतं तरी! तीन महिने आले, एकूण ८४,०००. मी ते मेसेज भावाला अभिमानानं दाखवले. ते माझ्याच सहा लाखांतले होते हे आज कळतंय. काम पूर्ण होण्याआधी भाडं सुरू झालं तर खूश होऊ नका, घाबरा.

करार पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर. दहा वर्षांचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. लिव्ह अँड लायसन्ससुद्धा महाराष्ट्रात नोंदवणं सक्तीचं आहे. हे मला माहीत होतं. तो म्हणाला, हॉटेलसाठी सरकारी अनुदान मंजूर झालं की एकदमच नोंदवू, मुद्रांक शुल्क वाचेल. मी मान डोलावली.

आता ती तारीख. १८ जानेवारी २०२५. मी न कळवता गावी गेलो. अंगणात टेम्पो उभा, त्यावर निळी ताडपत्री. खाली आमच्या पुढच्या दाराची चौकट. फणसाचं लाकूड, वर कोरलेली गणेशपट्टी, दोन्ही फळ्या पितळी कड्यांसकट, आणि उंबरठा, जो मधोमध झिजून खोलगट झालाय. आजी त्यावर बसून तांदूळ निवडायची. ठेकेदार म्हणाला, कोल्हापूरला पॉलिशला नेतोय. शेजारचे काका गडग्यापलीकडून ओरडले, "अरे बाबू, पॉलिशाक चौकट कित्याक उपटूची लागता?" आणि मी काकांनाच म्हणालो, "काका, आता यंत्रावर करतात." हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. चौकट भिंतीतून उपटली की भिंतीला तडा जातो, हे पोरालाही कळतं. दाराशेजारी खरंच तडा दिसत होता. मी तो हातानं चाचपला, आणि दोन दिवसांनी ५,५०,००० पाठवले. यात भावाचे अडीच लाख होते. पुढे फर्निचर आणि एसीसाठी ३,२०,०००, 'अनुदानाची फाइल हलवायला' रोख ६०,०००. त्या दिवशी काकांचं ऐकलं असतं तर ९,३०,००० वाचले असते.

एप्रिलपासून फोन बंद. झोपाळ्याच्या पितळी साखळ्या गेल्या, माजघरातले दोन खांब काढून लोखंडी पाइप लावलेले, तिसऱ्या खोलीत अर्धवट टाइल्स. माझा समज असा आहे की त्यांना हॉटेल करायचंच नव्हतं, पैसे आणि जुनं लाकूड हवं होतं. मुंबईच्या चोर बाजारात आणि ओशिवऱ्याला दोनदा फिरून आलो, चौकट दिसली नाही. पडवीची कौलं उतरवून ठेवलेली, आणि त्या वर्षी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला. मातीची भिंत पाण्यात विरघळून खाली बसली. गवंड्याचे पैसेही बुडवले होते. गावात तोंड दाखवायचं म्हणून ३८,००० मी भरले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

घराच्या कोरीव कामाचे जवळून फोटो काढून ठेवा, मापांसकट. पोलिसांनी चौकटीचा पुरावा मागितला तेव्हा माझ्याकडे बहिणीच्या लग्नातला एक फोटो होता, त्यात दार अर्धं मंडपामागे.

पोलीस! गावच्या ठाण्यात सांगितलं, करार डोंबिवलीत झालाय, तिकडे जा. तिकडे म्हणाले, मालमत्ता मालवणात आहे, इकडे का आलात. नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. मी छापील कलम पुढे ठेवलं. साहेबांनी वाचलंही नाही. "काम थोडं झालंय ना? मग ही दिवाणी बाब आहे." अहो, आठ बाय दहाच्या खोलीत टाइल्स लावल्या म्हणून पंधरा लाखांची फसवणूक दिवाणी होते? आणि दार? "दार तुम्हीच दिलंत." पाच वेळा गेलो. चार वेळा साहेब बंदोबस्ताला. पाचव्यांदा अर्ज घेतला, पोच मागितली तर म्हणाले, झेरॉक्सवर शिक्का मारायला माणूस नाही. पर्यटनाच्या कार्यालयात कळलं की माझ्या नावाचा अनुदानाचा अर्जच कधी आलेला नाही. तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर नाही. माहिती अधिकारात मागा म्हणे. मागितलं, उत्तर आलं 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. मी एक अर्ज आला की नाही एवढंच विचारत होतो! माझं वय ६१. दर खेपेला रात्रीची रेल्वे, कणकवलीला उतरा, पुढे एसटी. चोर निवांत आणि हेलपाटे मी घालतोय.

बिलावरचा जीएसटी क्रमांक बघायला शिका. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मला पुण्याची कंपनी म्हणून दिलेल्या बिलावर २९ होते, म्हणजे कर्नाटक. पोर्टलवर क्रमांक टाकला असता तर दोन मिनिटांत नाव कळलं असतं. मी मे महिन्यात टाकला.

केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत मालकानं कुटुंबासह त्याच घरात राहायचं असतं. "तुम्ही मुंबईत राहा, आम्ही सगळं बघतो" म्हणणारा त्या योजनेचं नाव घेत असेल तर तिथंच उठा. सामाईक सातबारा असेल तर सगळ्या भावंडांना मीटिंगला बसवा. माझ्या बहिणीनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, पण मी तिला बोलावलंच नाही.

ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपा. तरीही हलले नाहीत तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज. हे मला वकिलानं सांगितलं, पोलिसांनी नाही. माझा अर्ज दाखल झालाय, दोन तारखा पडल्यात. भाऊ अजून नीट बोलत नाही. घराच्या पुढच्या दाराच्या जागी मी गॅल्व्हनाइजचा पत्रा ठोकलाय, आणि तडा आता वर माळ्यापर्यंत गेलाय.